राळेगावहून आलेली फाईल

फाट्यावर बस थांबली तेव्हा बा माझ्याशी नाही, कंडक्टरशी बोलला. "पोरगं यवतमाळले चाललं. स्टँडवर उतरवून देजा." आता यवतमाळ हा त्या बसचा शेवटचाच थांबा, तिथं सगळेच उतरणार होते, आणि मी चांगला बावीस वर्षांचा घोडा. कंडक्टर हसला. मला असा राग आला की मी खिडकीतून हातसुद्धा धड हलवला नाही. माय खिडकीखाली उभी राहून तेच तेच सांगत होती, "पोहचला की सांगजो. ऊन लई आहे, पानी पित जाजो." बस निघाली तेव्हा मागच्या काचेतून पाहिलं, तर माय परत फिरली होती आणि बा अजून तिथंच उभा होता.

हे मी गावात राहिलेल्या पोट्ट्यांसाठी लिहितो आहे, आणि जे पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेले त्यांच्यासाठीही. तुम्ही म्हणाल, यवतमाळ काय परदेश आहे का? दीड तासाचा रस्ता. मीही हेच म्हणत होतो. लांब गेलेला माणूस निदान दिवाळीचं तिकीट आधी काढून ठेवतो. जवळच्याला वाटतं, जाऊ कधीही. आणि मग तो जातच नाही. माझं तसंच झालं.

राळेगावला कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्या जोरावर यवतमाळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात चिकटलो. मागच्या खोलीत दहा फुटी मशीन. काचेचं दार, सतत चालू एसी, आणि शाईचा तो वास. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखायचं की खोलीवर गेलो की भिंतीला कपाळ लावून बसायचो. नंतर वास येणंच बंद झालं. रफिकभाई म्हणाले, "अब तू ऑपरेटर बना." ते माझे उस्ताद. पन्नाशीचे, बोलणं कमी, आणि त्यांच्या बोटांच्या पेरांमध्ये चार रंग कायमचे बसलेले.

मशीन काय आहे ते सांगतो, कारण घरी मी कधी सांगितलंच नाही. चार रंगांची हेडं असतात. एकेका हेडाला केसापेक्षा बारीक शेकडो भोकं. हेड इकडून तिकडं धावतं, शाई सोडतं, आणि चित्र पट्ट्यापट्ट्यानं बाहेर येतं. एक भोक बुजलं की चित्रभर पांढरी रेघ पडते. मशीन दोन दिवस बंद राहिली की शाई आत वाळते आणि हेड मरतं. म्हणून सणवार असो की सुतक, ऑपरेटरनं रोज येऊन थोडं तरी छापायचंच. उन्हाळ्यात आणखी एक भानगड. आपल्याकडे हवा इतकी कोरडी की फ्लेक्सला हात लावला तरी झटका बसतो, शाईचे थेंब भलतीकडेच उडतात. दुकानामागं अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा भरलेला. मे महिन्यात त्यात सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतावं लागतं. गिऱ्हाईक विचारतं, झाड कुठं आहे हो? आम्ही म्हणतो, मशीनची मुळं आहेत.

रफिकभाईंनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट सांगितली होती. "नाम मत पढ़. स्पेलिंग पढ़." म्हणजे वेलांटी, उकार, काना बघायचा, माणूस बघायचा नाही. वाढदिवस, नेत्यांचं आगमन, शिकवणीचे क्लास, सगळं छापायचो. पण रोजच्या कामात निदान दोन-तीन तरी श्रद्धांजलीचे असायचे. त्यांची घाई सगळ्यात जास्त. कधी कधी तर माणूस नागपूरला दवाखान्यात असायचा आणि घरचं कोणी येऊन हळूच म्हणायचं, फोटो साफ करून ठेवा, लागला तर सांगतो. लागायचाच. लोकांकडे म्हाताऱ्यांचा एकट्याचा फोटो नसतो. लग्नातला आणतात, त्यातून कापायचा. मग खांद्यावर कोणाचा तरी हात राहिलेला असतो. तो हात पुसायचा, त्या जागी सदरा भरायचा. असे किती हात मी पुसले असतील कोणास ठाऊक. मी स्पेलिंग वाचायचो आणि संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवायचो.

बायको आली, पोरगी झाली, पोरगी इंग्रजी शाळेत जाऊ लागली आणि मला 'पप्पा' म्हणू लागली. माझी भाषा अर्धी हिंदी झाली. चौदा एप्रिलला गावी जायचं ठरवायचो, पण तेव्हाच तर कामाचा डोंगर. आपल्या गावच्या जयंतीचा फ्लेक्स दर वर्षी मीच काढायचो, कडांना दोरीसाठी रिंगा मारायचो, गुंडाळी करून बसवर टाकायचो. शुभेच्छुकांत पोट्टे माझा फोटो टाकायचे. म्हणजे जयंतीला मी चौकात असायचो, फक्त फ्लेक्सवर. माय फोनवर म्हणायची, "तुले पाह्यलं बापा, चांगला दिसून राह्यला."

तीन वर्षांपूर्वी बा डोळे दाखवायला यवतमाळला आला आणि न सांगता दुकानात आला. मी खूश झालो. म्हटलं, पाहा बा, एसीत बसून काम. नेमकं त्याच वेळी मशीनवरून एकामागं एक तीन फ्लेक्स बाहेर येत होते आणि तिन्ही मौतीचे. बानं चष्मा पुसला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. गाव वाचलं. मुलांची नावं वाचली. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी नाव मोठ्यानं वाचलेलं मी ऐकलं नव्हतं. रफिकभाईसुद्धा मान खाली घालून उभे राहिले.

"हे रोजचंच काम हाये का तुयं?"

"हो ना बा. लोक मरतेच."

"आज्यानं काय सोडलं होतं, इसरला?"

विसरलो नव्हतो. दर जयंतीला ते ऐकतच मोठा झालो होतो. गावात कोणीही मेलं की आमच्या माणसानं उठायचं आणि मौतीचा सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावी चालत जायचं. पाऊस असो, तापलेलं रान असो. तिथं आंगणाबाहेर उभं राहून सांगायचं, मिळेल तो शिळा तुकडा घ्यायचा आणि परतायचं. दीक्षा घेतल्यावर आज्यानं ते बंद केलं. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, आमी नाही जात. त्या एका वाक्यापायी सालभर घरादाराला कोणी काम दिलं नाही. बा तेव्हा लहान होता, उपास त्यानंही काढले.

"आज्यानं चपला झिजवनं बंद केलं," बा म्हणाला, "अन् तू बसल्या जागी तेच करून राह्यला."

मी भडकलो. गिऱ्हाईकासमोर, उस्तादांसमोर बोलला म्हणून जास्त भडकलो. म्हटलं, "मले कोनी वेठीले धरलं नाही, बा. मशीन हाये ही. अन् ह्याच मशीनवर तुमच्या नातीची शाळा चालते."  रफिकभाईंनी चहा मागवला, तो यायच्या आत बा निघून गेला. मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. खरं सांगतो, जावंसं वाटलं होतं, पण मशीन चालू होती, आणि मशीन चालू आहे हे कारण मला फार सोयीचं पडत आलं आहे.

त्यानंतर फोनवर बा एवढंच विचारायचा, "जेवला का?" मी हो म्हणायचो, की फोन मायकडे. मागच्या हिवाळ्यापासून तेवढंही बंद झालं. बा कुठं आहे विचारलं की माय म्हणायची, "बाहीर गेले," नाही तर, "आंग टाकलं जरा." मला वाटलं, अजून राग धरून बसला आहे. वाटलं, नाही बोलायचं तर नको बोलू, मीही त्याचाच पोरगा आहे. सात महिने मी गावाला गेलो नाही. बायको दोनदा म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, सीझन आहे.

आता या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी सकाळपासून काळं हेड त्रास देत होतं. साफ केलं, सोल्युशन मारलं, खड्ड्यात पाणी ओतलं, तरी रेघ जाईना. मशीनच्या अंगाला हात लावला की बारीक झिणझिण्या येत होत्या. रफिकभाई गावी गेलेले, मी एकटाच. दुपारी शेठ म्हणाले, कोरा फ्लेक्स वाया घालवू नको, लहान काम लाव आणि त्यावरच रेघ पाहा. रांगेत राळेगावहून आलेली एक फाईल होती. तिथल्या डीटीपीवाल्या पोराकडे मोठी मशीन नाही, तो आम्हाला पाठवतो. मी फाईल उघडली. रोलवर जागा वाचावी म्हणून ती आडवी केली होती. माप पाहिलं, रंग पाहिले आणि लावून दिली. आडव्या अक्षरांतलं नाव वाचायला मान वाकडी करावी लागते, ती मी केली नाही.

मोबाईलची बॅटरी लावून मी फ्लेक्सवर वाकलो. निळी किनार आली. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती आली. म्हटलं, आपल्या समाजाचं काम दिसतं. पुढच्या पट्टीत रेघ आहे का एवढंच बघत होतो. मग कान आला. चेहरा आडवा, म्हणून आधी कान. त्याची खालची पाळी फाटलेली होती.

आमच्या बाच्या उजव्या कानाची पाळी लहानपणी बाळी ओढली जाऊन फाटली होती. मी मनाशी म्हटलं, फाटलेल्या पाळीचे म्हातारे काय एकच असतात का? मशीन चालूच होती. पुढची पट्टी आली, गाल. त्याच्यापुढची, चष्म्याची काडी. गालावरून डोळ्यापर्यंत पांढरी रेघ गेलेली. आणि खाली खांदा, त्या खांद्यावर एक पुसट ठिगळ, जिथं कोणीतरी हात पुसून सदरा भरला होता. तो फोटो माझ्या लग्नातला होता. तो हात माझा होता.

मशीन थांबवायचं बटण कुठं आहे हे मी विसरलो. मी सरळ भिंतीवरचा मेन स्विच पाडला. असं करू नये, हेड जातं. खोलीत एकदम शांतता झाली. मग मान वाकडी करून वाचलं. 'पुण्यानुमोदन'. त्याखाली 'कालकथित', आपल्यात स्वर्गवासीऐवजी लिहितात ते, पुढं बाचं नाव, आपलं आडनाव, आपलं गाव. दिनांक असं लिहून पुढं जागा कोरी.

मायला फोन लावला. "बा कुठं हाये?" माय म्हणाली, "बाहीर गेले." रोजच्याच आवाजात. मी विचारलं, "तब्येत बरी हाये ना?" "हाव. तू कायले घोर करतं?" मी फोन ठेवला. बारा वर्षं हेच तर पाहत आलो होतो, की दूर असलेल्या पोराला घरचे फोनवर खरं सांगत नाहीत. राळेगावच्या पोराला फोन लावला. म्हटलं, हे काम कोणी दिलं?

"एक बुढा आलता, भाऊ. बोलत नोयता. चिठ्ठीवर लिहून आनलं होतं सारं. एवढ्या उन्हात गळ्याले मफलर. तारखेची जागा सोड म्हने, मागून सांगतो. अन् तुमच्याच दुकानातून काढजो, असं दोनदा लिहिलं होतं."

"फोटोतला अन् तो एकच होता का?"

 "चेहऱ्याकडे कोन पाह्यते, भाऊ. मी तं हात पुसून राह्यलतो."

तसाच बसमध्ये बसलो. डोक्यात एकच, की बा गेला आणि काकानं किंवा कोणा सोयऱ्यानं चिठ्ठी नेली. कळंब गेलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नांगरून ठेवलेली काळी रानं. फाट्यावर उतरलो तेव्हा पानठेल्यावर चार माणसं बसली होती. ती माझ्याकडे पाहून गप्प झाली. एकानं नुसतं म्हटलं, "आला का?" मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला घरापर्यंत तरी न ऐकता जायचं होतं.

आंगणात निंबाखाली खाट होती. खाटेवर बा बसला होता.

 बा निम्मा राहिला होता. गळ्याला मफलर, त्याखाली गाठ, बाहेरून दिसत होती. माय पाण्याचा गडवा घेऊन आली आणि मला पाहताच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग सगळं कळलं. हिवाळ्यात आवाज बसला, खर्रा, तंबाखू-सुपारी खाऊन बसला असेल म्हणून दोन महिने काढले. मग वर्ध्याला नेलं. तिथं म्हणाले, उशीर झाला. बानं मायकडून शपथ घेतली, पोराला सांगायचं नाही. आणि मी ज्याला सात महिने राग समजत होतो, तो राग नव्हता. बाला आवाजच नव्हता. 'जेवला का' एवढं विचारायलाही आवाज नव्हता.

मी विचारलं, "मंग असं कायले धाडलं, बा? फ्लेक्स काहून?"

बाचे ओठ हलले. नुसती हवा आली. मायनं कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि एकेक वाक्य मोठ्यानं सांगितलं. त्या दिवशी बाचं सगळं बोलणं मायच्या आवाजात झालं.

"ते म्हनते, मायच्यानं फोनवर सांगनं झालं नसतं. मले बोलता येत नाही. तुले तं कळवा लागत होतं."

"फोन करून नुसतं ये म्हनलं असतं तरी आलो असतो मी."

माय त्याच्या तोंडाजवळ वाकली, आणि उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "ते म्हनते, नसता आला. सीझन हाये म्हनला असता."

 खोटं काय होतं त्यात?

बा अजून काहीतरी सांगत होता. माय बराच वेळ ऐकत राहिली. "ते म्हनते, लोकाइच्या घरचा सांगावा नेनं आपल्या आज्यानं सोडलं, ते बराबर केलं. पन हा आपल्या घरचा होता. मीच राळेगावले नेला. कोनाच्या आंगनाबाहीर उभं राह्यलो नाही, आतमधी खुर्चीवर बसून देल्ला."

मी रडलो. लेकरासारखा रडलो, लपवत नाही. बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्या हाताला वजनच नव्हतं. मग त्यानं विचारलं, फोटो साफ आला का? म्हटलं, नाही बा, रेघ आली, काळं हेड बिघडलं आहे. त्यानं मायकडून विचारवलं, हेड म्हणजे काय? बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं. मी सांगत बसलो. भोकं कशी असतात, शाई कशी वाळते, मी ती कशी मोकळी करतो. उन्हं उतरेपर्यंत सांगितलं. बा सगळं ऐकत होता, मध्येच बोटांनी खुणेनं विचारत होता, आणि मला आतून भीती वाटत होती की बोलणं संपलं तर काय.

मशीनवर रफिकभाईंना बोलावून घेतलं आणि मी चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी बानंच हाकललं. मायच्या तोंडून म्हणाला, पोरगी वाट पाहून राह्यली असंल, मशीन वाळंल. यवतमाळला चल म्हटलं तर मान हलवली. मी परत आलो. ते काळं हेड मेन स्विच पाडल्यामुळं कायमचं गेलं होतं. शेठनं नवं बसवलं, मला बोल लावले, ते मी ऐकून घेतले. आता रेघ येत नाही. चेहरा अगदी साफ येईल. ती फाईल मशीनच्या कॉम्प्युटरवर तशीच आहे, तारखेपुढं कोरी जागा ठेवून. मी ती पुसली नाही आणि छापलीही नाही. रोज सकाळी मशीन सुरू केली की यादीत बाचं नाव दिसतं. दिसलं की मी लगेच घरी फोन लावतो.

घर म्हणजे माझ्यासाठी आता तो फोन आहे. माय मोबाईल खाटेच्या लाकडाला टेकवून धरते, मी बोलतो आणि बा बोटाचं हाड लाकडावर मारून उत्तर देतो. हो असलं तर एक ठोका, नाही असलं तर दोन. जेवला का? एक. दुखते का? दोन, पण तो खोटं सांगतो हे मला कळतं. नात नवीन कविता म्हणते तेव्हा बरेच ठोके येतात. तुम्ही जे लांब गेले आहात, तुमच्या घरी असा कोणी गप्प झाला असेल तर तो रागावला आहे असं धरून बसू नका. एवढं सांगायला हे लिहिलं.

फोन ठेवताना मी रोज एकच विचारतो. "बा, मी येऊ का?" रोज दोन ठोके येतात. नको, काम पाह्य. दीड महिना झाला, दोनच.

आज सकाळी विचारलं, तर एक आला. मला वाटलं, दुसरा यायचा असेल. मी वाट पाहिली. पुन्हा विचारलं, "बा, येऊ का?" परत एकच आला, हळू.

हे मी राळेगावच्या बसमध्ये बसून लिहितो आहे. कळंब मागं पडलं.